जुन्या मोटारीची पारख

आपल्या व्यापारी कुटुंबांतील तरुण मंडळींना अलीकडे एक नवा छंद लागला आहे. आजोबांच्या काळातील एखादी मोटार कोठून तरी शोधून आणावयाची, ती पूर्ण खोलावयाची, एकेक भाग नीट करून पुन्हा जुळवावयाची आणि महावीर जयंतीच्या मिरवणुकीत ती दिमाखाने पुढे काढावयाची. छंद वाईट नाही. पत्त्यांच्या अड्ड्यापेक्षा पुष्कळच बरा. परंतु त्यात जो पैसा बुडतो तो बहुधा पहिल्याच दिवशी, म्हणजे खरेदीच्या वेळीच बुडालेला असतो. मालकाला ते वर्षा-दोन वर्षांनी उमगते, इतकेच.

स्मरणिकेच्या संपादकांनी मला धान्यबाजाराविषयी लिहावयास सांगितले होते. धान्याविषयी अधिकाराने लिहू शकतील असे आपल्या संघात अनेक आहेत. मोटारीच्या प्रकरणात ठेच खाल्लेला मात्र बहुधा मी एकटाच असावा. म्हणून हा विषय घेतला. संपादकांनी क्षमा करावी.

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने विचारले, “काका, पहिलीच गाडी करायची आहे. फियाट घेऊ की ॲम्बॅसडर?” मी त्याला म्हणालो, “तू तुरीचा सौदा करताना आधी गावाचे नाव विचारतोस की पोत्यात हात घालतोस?” कंपनी कोणती हा दुसरा प्रश्न, समोर उभा असलेला नग कसा आहे हा पहिला. पोत्याच्या तोंडाशी उत्तम माल भरून बुडाशी माती आणि तुकडा भरणारे लोक आपण आयुष्यभर पाहत आलो. म्हणूनच आपण टोकदार पोकळ सळई पोत्याच्या मध्यावर आणि बुडाशी खुपसून नमुना काढतो. मोटार घेताना मात्र हाच जन्माचा व्यापारी वरच्या चकाकीवर भाळतो. माझेही तेच झाले. किंबहुना माझ्या गाडीवर चकाकीसुद्धा नव्हती.

आमच्या वडिलांनी सन १९६७ मध्ये फियाट ११०० डी घेतली. त्या काळी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गाडी घरी आली त्या दिवशी रविवार पेठेतील निम्मी दुकाने तिला पाहावयास लोटली होती, असे आई सांगत असे. त्याच गाडीतून आम्ही भावंडे बाहुबलीच्या यात्रेस गेलो. पुढे १९८८ मध्ये पेढीची वाटणी झाली. गाडी कोणाच्या वाट्यास जावी यावर एकमत होईना, तेव्हा ती गोव्यातील एका गृहस्थास विकून रक्कम वाटून घेतली. वडील त्या दिवशी दुकानातून लवकर घरी गेले. बोलले काहीच नाहीत.

२०१५ मध्ये जुन्या चोपड्या चाळताना १९६७ च्या खतावणीत मोटार खात्याचे पान सापडले. त्यावर वडिलांच्या हातचा, बाळबोध अक्षरांत लिहिलेला चासीचा नंबर होता. चौकशी करता करता गाडीचा पत्ता लागला. सासष्टीत समुद्रापासून जवळच, एका घराच्या मागील माडांखाली ती उभी होती. गोव्यात गेल्यावर नोंदणी क्रमांक बदलला होता. पण इंजिन आणि बैठक यांच्या मधल्या पत्र्यावरचा आकडा मी फडक्याने पुसला, आणि तो खतावणीतल्या आकड्याशी जुळला. त्यानंतर मी काहीही पाहिले नाही. गाडीखाली वाकलो नाही, पायाखालची चटई उचलली नाही, भाव केला नाही. ४५ हजार रुपये मोजून दिले आणि ट्रकवर घालून गाडी बेळगावला आणली.

आमच्या मिस्त्रीने तिच्याभोवती एक फेरी मारली, खिशातून पेचकस काढला आणि दाराखालच्या उंबऱ्यात हलकेच टेकविला. तो मुठीपर्यंत आत गेला. “शेठ,” तो म्हणाला, “ही गाडी रंगाने उभी आहे.”

ही गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे. जुन्या ट्रकला किंवा जीपला खाली लोखंडी चौकट असते आणि वरचा सांगाडा तिच्यावर बसविलेला असतो. फियाट आणि ॲम्बॅसडर यांना तशी निराळी चौकट नाही. तळ, दाराखालचे उंबरे, खांब आणि छत मिळूनच गाडीचा कणा होतो. उंबरा गंजला म्हणजे नुसता पत्रा खराब झाला असे नव्हे, तर घराची तुळई गेली. इंजिन बिघडले तर ते उतरवून आपल्या उद्यमबागेत नेता येते. तेथे ब्लॉक बोअर करणारे, क्रँक घासून देणारे कुशल कारागीर आहेत. परंतु सबंध तळ नव्याने कापून जोडणे हे पहिल्याच गाडीवर हात बसविणाऱ्याचे काम नव्हे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की बंद इंजिनाची पण कोरड्या पत्र्याची गाडी घ्यावी. उत्तम चालणारी पण कुजलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

कोरडा पत्रा कोठे मिळतो? तर जेथे हवा कोरडी तेथे. विजापूर, सोलापूर, बागलकोट, लातूर या बाजूची गाडी उन्हाने फिकी पडलेली असेल, तिची रबरे तडकलेली असतील, गाद्या फाटलेल्या असतील. पण पत्रा बहुधा शाबूत असतो. गोवा, कारवार, रत्नागिरी, मुंबई येथील गाडी सावलीत ठेवलेली असली तरी खारी हवा तिच्या सांधेजोडांत शिरलेली असते. घाटमाथ्याच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यातील गाडीचीही तीच कथा. शंभर-दोनशे किलोमीटर पूर्वेस जाण्याचा प्रवासखर्च ही या व्यवहारातील सर्वांत स्वस्त विमा-पावती आहे.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या भागात, बेताच्या खर्चात आणि घरच्या आवारात करावयाच्या पहिल्या दुरुस्तीसाठी मी फियाटचेच नाव घेईन; मग ती ११०० डी असो वा तिचीच पुढील आवृत्ती, प्रीमियर पद्मिनी. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी काढली, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. सोलापूरच्या जैन घराण्यातील या पुरुषाने जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांना हात घातला. फियाट ११०० या देशात १९५४ पासून निघू लागली. वालचंदशेठ त्याच्या आदल्याच वर्षी वारले. १९६४ मध्ये ११०० डी आली, १९७२ मध्ये तिचे नाव प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून पद्मिनी. हे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. म्हणजे जवळजवळ एकाच घडणीची गाडी साडेतीन दशके निघत राहिली. पहिल्या दुरुस्तीला ही गोष्ट फार उपयोगाची ठरते, कारण एका गाडीचा भाग दुसरीला बसण्याचा संभव मोठा असतो. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, लहान आणि सरळ. दोन माणसे आणि एक साखळी-कप्पी असली की ते बाहेर निघते.

सुटे भाग मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजारात अद्याप मिळतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींतील शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण मोडीत निघालेल्या टॅक्सींचे भाग बाजारात फिरतात. भाग अवश्य घ्यावेत. सबंध टॅक्सी मात्र घेऊ नये. अहोरात्र राबलेली आणि खाऱ्या हवेत उभी राहिलेली अशी गाडी रंग देऊन खाजगी म्हणून पुढे केली जाते. छतावरील कॅरियरच्या भोकांच्या बुजविलेल्या खुणा शोधाव्यात.

ॲम्बॅसडरलाही माझा विरोध नाही. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली ही गाडी १९५७ च्या सुमारास उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघू लागली आणि मे २०१४ मध्ये बंद झाली. तिचा पत्रा जाड, आत जागा भरपूर, वृद्धांना चढण्या-उतरण्यास सोयीची. भागांसाठी कलकत्त्याचा मलिक बाजार प्रसिद्ध आहे. परंतु प्रत्येक भाग जड, अंगण मोठे लागते, आणि अनेक गाड्यांत मूळचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविलेले आढळते. ती नोंद पुस्तकात नसेल तर पुढे कटकट. स्टँडर्ड हेराल्ड ही मद्रासची गाडी १९६१ पासून निघाली. तिला स्वतंत्र चौकट आहे आणि बॉनेट संपूर्ण पुढे उघडते, म्हणून कामास अत्यंत सुलभ. पण तिचे भाग मिळविताना दमछाक होते. जीप सर्वांत सोपी, सपाट पत्र्याची. मात्र घरातील वृद्ध स्त्रियांना तिच्यात बसवून एकदा स्तवनिधीला नेऊन पाहावे, म्हणजे ती घ्यावी की नाही हे आपोआप ठरेल.

विलायती आणि अमेरिकन मोठ्या गाड्या, डॉज, शेव्हरले, किंवा लहानगी बेबी ऑस्टिन, पहिल्या खेपेस टाळाव्यात. एक वाकडी काच फुटली की वर्षभर गाडी उभी. शिवाय पुष्कळशा जुन्या विलायती गाड्यांची बैठक कातड्याची असते. ती ठेवली तर आपल्या घरात खटकते, काढून टाकली तर गाडीचे मूळपण जाते. आपल्याकडील फियाट-ॲम्बॅसडरना बहुधा रेक्झिन असते, तेव्हा हा पेच पडत नाही.

गाडी पाहावयास दिवसा जावे. पावसाने भिजलेल्या गाडीवर रंग ताजा दिसतो, म्हणून ती कोरडी असताना पाहावी. खिशात मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक असावे. दाराच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी, उंबरे, डिकीचा तळ येथे ते टेकवीत जावे. पत्रा असेल तेथे चिकटेल. लांबी जाड भरलेली असेल तेथे सुटून खाली पडेल. नंतर चटया उचलून तळ पाहावा. ओल्या तागाच्या पोत्यासारखा वास आला तर पाणी कोठून तरी आत येत आहे. पुढच्या काचेचे खालचे कोपरे, बॅटरीचे खण आणि जादा चाकाची जागा ही पाणी साचण्याची ठिकाणे.

दार अर्धे उघडून त्याची बाहेरची कड हळूच वर उचलून पाहावी. बिजागरी ढिली असेल तर चिंता नाही, पण बिजागरीसह खांबच हलत असेल तर उठून चालू लागावे. शेवटी मालकाच्या परवानगीने गाडीची एक बाजू जॅकवर घ्यावी आणि त्या बाजूचे दार उघडून पुन्हा लावावे. चाक जमिनीवर असताना सहज लागणारे दार आता अडकू लागले, तर कणा वाकतो आहे. ही परीक्षा मला आमच्या मिस्त्रीने शिकविली. ४५ हजार गेल्यानंतर शिकविली, हे माझे दैव.

इंजिनाविषयी थोडक्यात. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा थर दिसला तर पाणी तेलात जात आहे. निळा धूर म्हणजे तेल जळते. वर्षानुवर्षे उभे इंजिन एकदम स्टार्टरने फिरवू देऊ नये; प्लग काढून आत थोडे तेल सोडावे, दोन दिवस थांबावे आणि मग हाताने फिरवून पाहावे. फिरले तर उत्तम. न फिरले तरी, पत्रा चांगला असल्यास, भाव पाडून घेण्याजोगी गाडी आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी पुरी असावी. पुढची जाळी, दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी, घड्याळांची पाटी, चकचकीत पट्ट्या, मागच्या काचा, सर्व जागच्या जागी आहेत का ते मोजावे. पिस्टन मिळतो, एका विशिष्ट सालची मुठ मिळत नाही. विक्रेता म्हणतो, “बाकीचे सामान पोत्यात बांधून ठेवले आहे.” ते पोते समोर उघडून घ्यावे. आपण कोणी न पाहता पोते घेतो काय?

आता कागद. आपण सीमेवरचे लोक. कोल्हापूर, गोवा आणि बेळगाव आपल्याला एकच अंगण वाटते, पण परिवहन खात्याला ती तीन राज्ये आहेत. परराज्यातील गाडी आणावयाची तर तेथील ना-हरकत दाखला, इकडे कर आणि नवा क्रमांक, ही सर्व यातायात आली. चासी व इंजिन यांचे आकडे पुस्तकाशी स्वतः अक्षरशः ताडून पाहावेत, आणि जुन्या कर्जाचा बोजा नोंदीत राहिला असल्यास तो उतरवून मागावा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी व नंतर दर ५ वर्षांनी नूतन करावी लागते. ती मधल्या काळात चुकलेली असेल तर दंडाचा हिशेब भावातून वजा करावा.

१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने प्राचीन वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, सांगाडा अथवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली मोटार त्यांत बसते. नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क ठरविले असून मुदत १० वर्षांची आहे. पद्मिनीच्या आरंभीच्या वर्षांतील गाड्याही आता या वयात आल्या आहेत. मात्र अशा नोंदणीची गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींच्या फेऱ्या आणि त्यांसाठी लागणारे पेट्रोल व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते. लग्नाच्या वरातीस भाड्याने देऊन खर्च काढू, असा बेत कोणी करीत असेल तर तो सोडून द्यावा. व्यापारी उपयोग वर्ज्य आहे. ज्याला रविवारी मंदिरास आणि सोमवारी दुकानास तीच गाडी न्यावयाची आहे त्याने साधी नोंदणीच चालू ठेवणे बरे.

गाडी ठेवावयाची कोठे, याचा विचार खरेदीपूर्वी करावा. माझ्या दुसऱ्या चुकीचा उगम येथेच आहे, आणि ती आपल्या धंद्यातील कोणाच्याही हातून घडेल अशी आहे. वडिलांची फियाट मी गोदामाच्या मागच्या खणात ठेविली. गोदामाचा अर्धा भाग भाड्याने दिलेला होता. भाडेकरूने आपल्या मालाला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लावल्या आणि दारे बंद केली. (धान्याला गोळ्या लावाव्यात की नाही हा आपल्या समाजातील जुना वाद मी येथे उकरीत नाही.) त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू तांब्याला खातो. गाडीतील वायरींची उघडी टोके, डायनॅमोची जोडणी, स्विचांचे स्पर्श, सर्व काळे पडले. जे वायूने सोडले ते पुढच्या पावसाळ्यात उंदरांनी संपविले. धान्याचे गोदाम हे मोटारीला ठेवावयाचे ठिकाण नव्हे.

जाता जाता पेट्रोलसंबंधी एक गोष्ट. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते इथेनॉल उसाबरोबर आपल्याच व्यापारातील मका आणि तुकडा तांदूळ यांपासूनही बनते, हा भाग वेगळा. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने नरम पडतात. गाडी हाती येताच या नळ्या बदलाव्यात. हा खर्च किरकोळ आहे आणि आग लागण्याचा धोका किरकोळ नाही.

२०१८ मध्ये विजापूरजवळ एक १९७८ ची पद्मिनी मिळाली. मालक निवृत्त शिक्षक. गाद्या फाटलेल्या, इंजिन जाम, रंग उडून खालचे अस्तर दिसत होते. पण चुंबक एकदाही सुटले नाही आणि जॅकवर दार पूर्वीसारखेच लागले. १ लाख १० हजारांत व्यवहार झाला. राज्य तेच असल्याने क्रमांकही कायम राहिला. सांगाडा आणि रंग यांवर पुढे याहून अधिक खर्च झाला. तो होणार हे या खेपेस आधीच मांडून ठेविले होते.

आता दोन गाड्या समोरासमोर उभ्या होत्या. एक वडिलांची, कुजलेली. दुसरी परक्याची, निरोगी. एका डेंटरने मला बाजूला घेऊन सुचविले, “शेठ, तुमच्या वडिलांच्या गाडीचा नंबराचा तुकडा कापून या गाडीत बसवून देतो. रंग दिल्यावर कोणाला समजणार नाही. गाडी तुमच्या वडिलांची होईल.” मी त्या रात्री झोपलो नाही, हे कबूल करतो. त्याच्या बोलण्यात मला हवे ते सर्व होते. कायद्याने तो गुन्हा आहे हे खरेच. पण मला अडविले ते निराळ्या गोष्टीने. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे एक माल दुसऱ्याच्या नावावर खपविणे, हा सांगितला आहे. लहानपणी पाठशाळेत तो पाठ करताना पंडितजी तुपात तेल मिसळण्याचे उदाहरण देत. वडिलांनी उभ्या हयातीत हलक्या शाळूला मालदांडीचे नाव दिले नव्हते. सकाळी मी डेंटरला नको म्हणून सांगितले.

वडिलांच्या गाडीची नोंदणी मूळ मालकाच्या सहीने गोव्याच्या कार्यालयात रद्द करून घेतली. मोडीत देण्यापूर्वी जे चांगले होते ते उतरविले: एक दिवा, मागची एक काच आणि स्टिअरिंगचे चाक. चाकाच्या डाव्या बाजूस, जेथे वडिलांचा अंगठा टेकत असे, तेथे एक गुळगुळीत खळगा आहे. ते चाक पद्मिनीला थोड्या खटपटीने बसले.

खतावणीतील १९६७ च्या पानावर, त्यांच्या अक्षराखाली, मी मोडीचे आलेले पैसे जमा धरले, तारीख घातली आणि खाते पुरे केले. पद्मिनीचे खाते निराळ्या पानावर आहे. त्यात मागच्या दाराच्या काचेच्या रबराचे बिल अद्याप मांडावयाचे आहे. पुतण्या येत्या रविवारी माझ्याबरोबर बागलकोटला एक गाडी पाहावयास येणार आहे. चुंबक त्याने आजच माझ्याकडून मागून नेले.